बेट पाहायचे की नुसता किनारा?

मराठी मध्यमवर्गाच्या प्रवासाचा नकाशा गेल्या दोन-तीन दशकांत झपाट्याने विस्तारला आहे. काशी-रामेश्वर, मग काश्मीर-उटी, मग सिंगापूर आणि युरोप अशा क्रमाने तो वाढत गेला. आता न्यू जर्सीत किंवा टोरोंटोत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे काही महिने मुक्कामाला गेलेले निवृत्त शिक्षक आणि बँकांतील कर्मचारी तेथून पाचेक तासांच्या विमानप्रवासावर असलेल्या एखाद्या कॅरिबियन बेटावर आठवडाभर जाऊन येऊ लागले आहेत. वेस्ट इंडीज हा शब्द आपल्याकडे आजवर बव्हंशी क्रिकेटपुरताच होता. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकली, सुनील गावसकर यांनी पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा काढल्या, आणि त्या बेटांची नावे मराठी घरांत रुळली. त्या नावांमागची माणसे, त्यांचा इतिहास आणि त्यांचे अर्थकारण यांच्याशी मात्र आपला परिचय जेमतेमच राहिला.

अशा पहिल्या प्रवासाचा बेत आखणारा माणूस प्रथम काय विचारतो? तिकीट कितीला पडेल, हॉटेल समुद्राला लागून आहे काय, शाकाहारी जेवण मिळेल काय. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु त्यांच्याही आधी विचारावयाचा एक प्रश्न राहून जातो : आपण बेट पाहावयास निघालो आहोत की नुसता किनारा? याच्या उत्तरावर आपण काय पाहणार हे तर ठरतेच. पण आपल्या खिशातून जाणारा पैसा कोणाच्या पदरात पडणार, हेही ठरते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने पर्यटनावर लिहावे याचे समर्थन एवढेच.

कॅरिबियन हे काही एक स्थळ नव्हे. तेथे क्यूबासारखा विस्तीर्ण देश आहे आणि काही तासांत प्रदक्षिणा पुरी होईल अशी चिमुकली बेटेही आहेत. कोठे स्पॅनिश बोलतात, कोठे फ्रेंच, कोठे इंग्रजी. म्हणून सर्वसाधारण विधाने करण्यापेक्षा एकच बेट डोळ्यांसमोर ठेवणे बरे. प्रस्तुत लेखासाठी मी सेंट लुसियाची निवड केली आहे, आणि तिला कारण आहे.

दोन नोबेल आणि एक बेट

सेंट लुसियाचे क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढे. लोकसंख्या मात्र १ लाख ८० हजारांच्या आसपास. फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात या बेटाचा ताबा चौदा वेळा बदलला आणि १८१४ साली ते कायमचे इंग्रजांकडे गेले. त्यामुळे आजही सरकारी कामकाज इंग्रजीत चालते आणि बाजारातील गप्पा फ्रेंचोद्भव क्रेओल बोलीत. २२ फेब्रुवारी १९७९ रोजी बेट स्वतंत्र झाले, आणि त्याच वर्षी तेथे जन्मलेल्या सर आर्थर लुईस यांना थिओडोर शुल्ट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९९२ साली साहित्याचे नोबेल मिळविणारे डेरेक वॉलकॉट हेही याच बेटाचे. दोघांचीही जन्मतारीख २३ जानेवारी. लुईस १९१५ चे, वॉलकॉट १९३० चे.

आपल्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लुईस हे नाव नवे नाही. अमर्याद श्रमपुरवठा असलेल्या देशांच्या आर्थिक विकासावरील त्यांचा १९५४ चा निबंध पदव्युत्तर अभ्यासक्रमात पिढ्यान्‌पिढ्या शिकविला जात आहे. मात्र तो निबंध लिहिणाऱ्याचे प्रारंभीचे आयुष्य फार थोड्यांना माहीत असते. लुईस यांचे आईवडील दोघेही शिक्षक. लुईस सात वर्षांचे असताना वडील वारले आणि आईने पाच मुलगे वाढविले. चौदाव्या वर्षी शालेय शिक्षण संपले, तेव्हा शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसण्याइतके वय नव्हते म्हणून हा मुलगा सरकारी कचेरीत कारकून झाला. त्याला खरे तर अभियंता व्हायचे होते. परंतु कृष्णवर्णीय अभियंत्याला ना सरकार नोकरी देणार होते, ना साखरेचे मळेवाले. म्हणून तो वाणिज्य आणि अर्थशास्त्राकडे वळला. वॉलकॉट यांची आईही शिक्षिकाच होती. शिक्षकाच्या घरातून आणि कारकुनाच्या खुर्चीतून जगाच्या विद्वत्सभेत पोहोचलेल्या माणसांचे हे बेट मराठी वाचकाला परके वाटण्याचे खरोखर कारण नाही.

साखर, केळी आणि पर्यटक

या बेटाच्या अर्थव्यवस्थेचा इतिहास तीन शब्दांत सांगता येतो : साखर, केळी, पर्यटक. साखरेचे मळे गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. १८३८ साली गुलामगिरी पूर्णपणे संपली, तेव्हा मजुरांची उणीव भरून काढण्यासाठी पुढे हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. सेंट लुसियात त्यांची आवक १८५९ पासून सुरू झाली. हे लोक प्रामुख्याने गंगेच्या खोऱ्यातील होते. त्यांच्या वंशजांची नावे आणि भाषा बदलल्या, पण त्यांची रोटी आजही तेथील रस्त्यांवर विकली जाते. वॉलकॉट यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ त्रिनिदादमधील एका खेड्यात उसाच्या रानाकडेला चाललेल्या रामलीलेच्या वर्णनाने केला, याचा उगम याच इतिहासात आहे.

१९६० च्या दशकात उसाने निरोप घेतला आणि केळीने जागा घेतली. केळीचे वैशिष्ट्य असे की ती डोंगरउतारावरील लहान शेतकऱ्याला परवडत होती आणि हाती नियमित रोकड देत होती. ब्रिटनने आपल्या जुन्या वसाहतींच्या केळीला बाजारपेठेत झुकते माप दिले होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी सेंट लुसिया वर्षाला लाखाहून अधिक टन केळी निर्यात करीत असे. पुढे युरोपच्या एकत्रित बाजारपेठेने हे झुकते माप चालू ठेवले, तेव्हा अमेरिकेने काही लॅटिन अमेरिकी देशांसह जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. स्वतः केळीची निर्यात जवळजवळ न करणाऱ्या अमेरिकेला बड्या अमेरिकी कंपन्यांच्या हिताची काळजी होती. १९९७ साली निकाल युरोपच्या विरोधात गेला, आणि त्यानंतरच्या वर्षांत हजारो लहान शेतकऱ्यांनी केळी सोडली.

उरले पर्यटन. २०१९ साली चार लाखांहून अधिक पर्यटक बेटावर मुक्कामास आले; म्हणजे लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त. जहाजांतून येऊन संध्याकाळी परतणारे आणखी वेगळे. मग २०२० साली महासाथीत विमाने थांबली आणि त्या एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ चतुर्थांशाने घटले. एका पिकावर विसंबण्याचा धोका साखरेने शिकविला, केळीने शिकविला, आणि पर्यटनाने पुन्हा एकदा शिकविला.

पैसा येतो, पण राहतो किती?

पर्यटन हे निर्यातीचेच एक रूप आहे. फरक इतकाच की येथे माल ग्राहकाकडे न जाता ग्राहक मालाकडे येतो. परंतु निर्यातीच्या एकूण किमतीपैकी देशात किती राहते, हा खरा प्रश्न असतो. अर्थशास्त्रात त्याला गळती म्हणतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाने आईवडिलांसाठी ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ पॅकेज घेतले. विमान, हॉटेल, तिन्ही वेळचे खाणे, पेये, विमानतळावरून नेण्या-आणण्याची सोय, सर्व एका रकमेत. ही रक्कम अमेरिकेतच भरली गेली. तीतून विमानाचे भाडे परदेशी कंपनीकडे गेले. प्रवासी दलालाचे कमिशन अमेरिकेत राहिले. हॉटेल परदेशी मालकीचे असेल तर नफा आणि व्यवस्थापनाची फी बाहेर गेली. हॉटेलच्या भटारखान्यातील कोंबडी, बटाटे, लोणी आणि फळांचे रससुद्धा बहुधा कंटेनरमधून फ्लॉरिडाहून आलेले असतात. बेटावर उरतात ते कामगारांचे पगार, वीज-पाण्याची बिले आणि सरकारचा कर. त्या करातही वर्षानुवर्षांच्या सवलती असतात. आणि एकदा सर्व पैसे आगाऊ भरले, की पाहुण्याला फाटकाबाहेर पडून चार पैसे खर्च करण्याचे कारणच उरत नाही. गुणक परिणाम म्हणून आपण जो शिकवितो, तो फाटकापाशीच थबकतो.

क्रूझ जहाजाची गोष्ट याच वाटेने एक पाऊल पुढे जाते. तेथे हॉटेलच पाण्यावर असते. सकाळी कॅस्ट्रीजच्या बंदरात दोन-तीन हजार माणसे उतरतात, धक्क्याजवळच्या करमुक्त दुकानांतून फिरतात, काही तास बसमधून बेट पाहतात आणि जेवायला जहाजावर परततात. बंदराचा दरडोई कर, टॅक्सीवाल्याची एक खेप आणि फेरीवाल्या बाईकडून घेतलेला एखादा मण्यांचा सर, एवढ्यावर बेटाची बोळवण होते.

जमैकाचे जॉर्ज बेकफर्ड आणि त्रिनिदादचे लॉइड बेस्ट या अर्थतज्ज्ञांनी कॅरिबियन अर्थव्यवस्थेला ‘मळ्याची अर्थव्यवस्था’ म्हटले होते. मालक बाहेरचा, बाजार बाहेरचा, यंत्रे आणि अन्न बाहेरचे. बेटाची फक्त जमीन आणि श्रम. बंदिस्त पॅकेजचे हॉटेल या व्याख्येत किती चपखल बसते, हे निराळे सांगावयास नको.

लुईस यांचे उत्तर

येथे एक शंका संभवते. पगार तर बेटावर राहतो. मग तो पुरेसा का असू नये? याचे उत्तर लुईस यांच्याच १९५४ च्या निबंधात आहे. त्यांनी दाखविले की उसाच्या शेतीची उत्पादकता कितीही वाढली तरी तिच्यात राबणारा मजूर अनवाणी राहतो आणि झोपडीत राहतो. गव्हाच्या शेतीतला मजूर मात्र सुखवस्तू होतो. कारण उष्णकटिबंधातील मजुराची मजुरी उसातल्या उत्पादकतेवर ठरत नाही. तो मळा सोडून स्वतःच्या तुकड्यावर किती कमावू शकेल, यावर ठरते. निर्वाहशेतीचे उत्पन्न तोकडे असेल तोवर मळ्याची भरभराट परक्या ग्राहकाला स्वस्त साखर देण्यातच संपते.

उसाच्या जागी हॉटेलची खोली ठेवून पाहा. खोली झाडणाऱ्या बाईचा पगार खोलीच्या भाड्यावरून ठरत नाही. तिला आपल्या गावी भाजीपाला पिकवून, मासळी विकून किंवा खाणावळ चालवून काय मिळाले असते, यावरून ठरतो. केळी बुडाल्यावर हा पर्याय क्षीण झाला. म्हणून बेटावरच्या शेताला, कोळ्याच्या होडीला आणि गावच्या खाणावळीला मिळणारे गिऱ्हाईक हे केवळ त्या शेतकऱ्याचे वा खाणावळवालीचे भले करीत नाही. ते हॉटेलातील बाईची मालकाशी घासाघीस करण्याची ताकदही वाढविते. पर्यटकाने कोठे जेवावे, हा त्यामुळे चवीपुरता प्रश्न राहत नाही.

बेत कसा आखावा?

आता व्यवहाराकडे वळू. पहिली गोष्ट काळाची. तेथे १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस आलेल्या ‘टोमास’ने सेंट लुसियाचे रस्ते आणि केळीबागा उद्ध्वस्त केल्या होत्या. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा उत्तम, पण युरोप-अमेरिकेतील थंडीने पळालेले लोक तेव्हाच येतात आणि भाव चढतात. सामान्य ऐपतीच्या माणसाला एप्रिलची अखेर व मे हा काळ सोयीचा. जानेवारीत गेल्यास लुईस व वॉलकॉट यांच्या जन्मदिनानिमित्त होणारी व्याख्याने व कार्यक्रम ऐकता येतात, ही शिक्षकी पेशातल्यांसाठी वेगळी मेजवानी.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. बेटाचे प्रवेशनियम वेळोवेळी बदलतात. ते निघण्यापूर्वी अधिकृत ठिकाणी तपासावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारतातून जाताना अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये विमान बदलावे लागते, आणि त्यासाठी त्या देशाचा स्वतंत्र परवाना लागू शकतो. मुलाकडे अमेरिकेत असलेल्यांनी आपला व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, याची खात्री करावी.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. मोठे विमानतळ दक्षिणेस व्यू फोर्टजवळ आहे आणि हॉटेलांची गर्दी उत्तरेस. मोटारीने दीड तासाचा घाटरस्ता. आठवडा असेल तर त्याचे दोन भाग करावेत. अर्धे दिवस कॅस्ट्रीज किंवा ग्रॉस आयलेटच्या बाजूला, अर्धे सूफ्रिएरला. दोन्हीकडे स्थानिक कुटुंबांनी चालविलेली गेस्ट हाउसे आहेत. मालक कोण, हे आरक्षण करण्यापूर्वी विचारण्यात संकोच मानू नये. भाजी घेताना आपण ती कोठली हे विचारतोच.

चलनाविषयी एक सूचना. येथे पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो आणि १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. अमेरिकी डॉलरही स्वीकारले जातात. म्हणून भाव ठरविताना ‘कोणता डॉलर?’ हे आधी विचारावे. दोहोंत जवळजवळ तिपटीचा फरक आहे. शंभराच्या नोटेवर आर्थर लुईस यांचे चित्र आहे, हे पाहून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला गंमत वाटेल.

फिरण्यासाठी खासगी मालकीच्या लहान बसगाड्या आहेत. कॅस्ट्रीजहून चारी बाजूंना त्या ठरावीक क्रमांकाच्या मार्गांवर धावतात. टॅक्सीच्या मानाने भाडे अगदी थोडे, आणि शेजारी शाळेची मुले, परिचारिका, बाजारकरू बायका. बसमध्ये चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्याची तेथे रीत आहे, ती पाळावी. रात्री गाड्या विरळ होतात, एवढे ध्यानात ठेवावे.

खाण्याच्या बाबतीत मराठी माणसाने, विशेषतः कोकणातल्याने, चिंता करू नये. नारळ, आंबा, रताळी, कच्ची केळी आणि नीरफणस ही तेथील रोजची सामग्री. नीरफणस तेथे गुलामांसाठी स्वस्त अन्न म्हणून प्रशांत महासागरातून मुद्दाम आणविला गेला. कच्ची केळी व खारवलेला मासा हे राष्ट्रीय अन्न मानले जाते. शाकाहाऱ्याने मासा वगळून घ्यावे. कॅस्ट्रीजच्या जुन्या बाजारात शनिवारी सकाळी जावे. शुक्रवारी संध्याकाळी ग्रॉस आयलेटच्या रस्त्यावर आणि आन्स ला रे या कोळ्यांच्या गावी लोक उघड्यावर चुली मांडतात, गाणी लावतात. तेथे दिलेला पैसा सरळ त्या चुलीपाशी पोहोचतो.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सूफ्रिएरजवळ समुद्रातून उठलेले पिटॉनचे दोन सुळके २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मोठ्या पिटॉनची चढण ज्या खेड्यापासून सुरू होते, त्याचे नाव फाँ झाँ लिब्र, म्हणजे स्वतंत्र माणसांचे खोरे. मळ्यांतून पळून रानात झुंजलेल्या गुलामांची ती वस्ती. वाटाडे त्याच गावातले घ्यावेत. चढण झेपणार नसेल त्यांनी गावात बसून त्यांच्याकडून गोष्टी ऐकाव्यात. राजधानीत वॉलकॉट यांच्या नावाचा चौक आहे. तेथे दोन्ही नोबेलविजेत्यांचे पुतळे आहेत. मोर्न फॉर्च्यून टेकडीवरील महाविद्यालयाला लुईस यांचे नाव असून त्याच आवारात त्यांची समाधी आहे. ग्रॉस आयलेटच्या मैदानावर २४ जून २०२४ रोजी रोहित शर्मा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९२ धावा केल्या, तेव्हा ते मैदान आपण दूरचित्रवाणीवर पाहिलेच आहे. आणि समुद्र? तो तर सर्वांचा आहे. बेटावरील किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. हॉटेलपुढच्या वाळूवरही कोणालाही पंचा पसरता येतो. मात्र किनाऱ्याकडे जाणारी वाट ज्याच्या जमिनीतून जाते तो ती अडवू पाहतो, ही तेथल्या लोकांची जुनी तक्रार आहे.

दुसरी बाजू

या विवेचनावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. मोठी हॉटेले हजारोंना नोकऱ्या देतात. त्यांच्या शेकडो खोल्यांच्या भरवशावरच विमान कंपन्या येतात. तरीही कॅरिबियनमधील अनेक सरकारांना विमान कंपन्यांना ठरावीक उत्पन्नाची हमी द्यावी लागते. गेस्ट हाउसांच्या बळावर न्यूयॉर्कहून रोजचे विमान येणार नाही. खुद्द लुईस यांनी १९५० साली वेस्ट इंडीजच्या औद्योगिकीकरणावर लिहिताना परकीय भांडवल व कौशल्य यांना निमंत्रण द्यावे, असेच सांगितले होते. हे सर्व खरे. परंतु त्यांच्या सांगण्याचा हेतू स्थानिक माणसांनी ते कौशल्य शिकून स्वतः उभे राहावे, हा होता. निमंत्रित पाहुणा तिसऱ्या पिढीतही घरचा कारभार पाहत असेल, तर निमंत्रणाच्या अटी पुन्हा वाचावयास हव्यात. हे काम तेथल्या सरकारचे आणि मतदारांचे आहे, आपले नव्हे.

दुसरा आक्षेप वयाचा. सत्तरी गाठलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसगाड्यांतून फिरा म्हणणे सोपे आहे; त्याच्यासाठी जहाज किंवा बंदिस्त हॉटेलच सोयीचे. हेही मान्य. मग निदान न्याहारीपुरतेच हॉटेल घ्यावे, दुपारचे जेवण गावात करावे, दोन दिवस स्थानिक टॅक्सीवाला ठरवावा. सगळेच किंवा काहीच नाही, असा हा हिशेब नाही.

तिसरा आक्षेप असा की एका मराठी जोडप्याच्या आठवडाभराच्या खर्चाने चार लाख पर्यटकांच्या बेटाचे काय होणार? अर्थशास्त्र सीमांत बदलांचे शास्त्र आहे, असे आम्ही वर्गात सांगतो. बाजार अशाच लहान लहान निवडींनी घडतो. एकाच्या खर्चाने राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा हलणार नाही. पण एका खाणावळवालीच्या त्या दिवसाच्या गल्ल्यात तो निश्चित दिसेल, आणि तिने दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याकडून घेतलेल्या नीरफणसांतही दिसेल.

पाऊणशे वर्षांपूर्वी पारतंत्र्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या आपल्या देशाला मळ्याचे अर्थकारण नवे नव्हते. नीळ, चहा, अफू यांचा नफा कोठे गेला हे आपण शाळेतच शिकतो. तो इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने सुट्टीवर जाताना तो विसरावा, हे योग्य नव्हे. तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी एक कागद घ्यावा, डावीकडे खर्चाच्या बाबी लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर तो पैसा शेवटी कोणाकडे जाईल, हे मांडावे. निम्म्या बाबींपुढे बेटावरच्या कोणाचे तरी नाव लिहिता आले, तर खुशाल निघावे.